मुलांच्या रग्बी महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र: आधी वेळापत्रक बदला

आयोजक मंडळींना,

स.न.वि.वि.

मोसम जवळ आला की तुमची निमंत्रणं येऊ लागतात. मैदानं किती, संघ किती, नोंदणीची मुदत कधी, आणि शेवटी ठरलेली एक ओळ: ‘प्रत्येक मुलाला खेळायला मिळावं हाच आमचा हेतू.’ तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. भल्या पहाटे मैदानावर रेघा मारणारी, झेंडे रोवणारी, दिवसभर उन्हापावसात उभी राहणारी माणसं हे सगळं पदरमोड करून करतात, ते मी पाहते. पण मी १२ वर्षांखालच्या एका संघाची व्यवस्थापक आहे. बदली खेळाडूंचा तक्ता माझ्या हातात असतो. कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, ते मी मिनिटांसकट लिहून ठेवते. त्या तक्त्याच्या भरवशावर सांगते, तुमच्या हेतूच्या आड दुसरं कुणी येत नाही. तुमचंच वेळापत्रक येतं.

म्हणून हे पत्र प्रशिक्षकांना नाही आणि पालकांनाही नाही. त्यांना शहाणपण शिकवणारे फलक प्रत्येक मैदानाच्या कडेला लागलेले असतात. ते वाचूनही माणसं ओरडायची ती ओरडतातच, कारण तुम्ही बांधून दिलेल्या दिवसात ओरडण्यासारखं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

एक हिशेब मांडते. नऊ जणांचा खेळ, पथकात चौदा मुलं, सामना दहा मिनिटांचा, साखळीत चार सामने. म्हणजे दिवसभरात वाटायला एकूण ३६० मिनिटं. चौदा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण पंचवीस. आता याच साखळीतून फक्त पहिला संघ चषकाच्या फेरीत जाणार, असा नियम घाला. प्रशिक्षकाचे सात भरवशाचे खेळाडू चारही सामने पूर्ण खेळतात. तिथेच २८० मिनिटं संपली. उरलेली ८० मिनिटं सात मुलांत वाटली की एकेकाला अकरा मिनिटं आणि काही सेकंद. सकाळी आठला हजर राहायचं, दुपारी चारला निघायचं, आणि आठ तासांत अकरा मिनिटं खेळायचं. तीही कसली? सामना हातात आल्यावर किंवा हातातून गेल्यावरची. त्या मुलाला लांब विंगवर, म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला उभं करतात, जिथे या वयात चेंडू क्वचितच पोहोचतो. त्याच्या गुडघ्यांना माती लागत नाही.

बाक हा शब्द सवयीने वापरतो एवढंच, महोत्सवात बाक नसतोच. मुलं आपापल्या बॅगांवर बसतात. पहिल्या सामन्याला ती उभी राहून टाळ्या वाजवतात, दुसऱ्या सामन्याला बसून बघतात, तिसऱ्याला एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधून ठेवायचे खेळ सुरू होतात आणि चौथ्याला कुणीतरी विचारतं, ‘आपण जिंकतोय का हरतोय?’ ज्या मुलाला आपल्याच संघाचा गुणफलक ठाऊक नाही, तो त्या दिवशी रग्बीला आलेला नसतो. आपण त्याला फक्त सोबत आणलेलं असतं.

यात प्रशिक्षक वाईट नसतो, हे मला ठासून सांगायचं आहे. आमचे प्रशिक्षक सरावाला एकही मूल मागे पडू देत नाहीत. सामन्याआधी ते माझ्याकडून तक्ता मागून घेतात, कुणाला कधी घ्यायचं यावर पेन्सिलीने खुणा करतात. साखळीच्या शेवटच्या सामन्यात, एका ट्रायने (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय) पुढे असताना, शेवटची चार मिनिटं उरली आणि दोन नावांसमोर खूण व्हायची राहिली होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली. ती दोन मुलं माउथगार्ड तोंडात घालून तयार उभी होती. सामना आम्ही जिंकलो. चषकाच्या फेरीत गेलो. आता सांगा, तिथे कुणाला दोष द्यायचा? दुसऱ्या फेरीचं दार त्या चार मिनिटांवर अडकवून ठेवायचं आणि वर ‘सगळ्यांना खेळवा’ असा निरोप द्यायचा, हे मुलाला पाण्यात ढकलून ‘अंग भिजवू नकोस’ म्हणण्यासारखं आहे.

त्याहून वाईट म्हणजे ट्रायचा फरक. दोन संघ बरोबरीत राहिले तर कुणाचे ट्राय जास्त यावर निकाल, हा नियम तुमच्यापैकी बहुतेकांनी कुठल्याशा मोठ्या स्पर्धेच्या नियमावलीतून जसाच्या तसा उचललेला आहे. त्याचा परिणाम असा की सहा ट्रायनी पुढे असलेला संघसुद्धा आपला सगळ्यात दांडगा मुलगा बाहेर काढत नाही. सातवा ट्राय हवा असतो. समोरची मुलं सातव्यांदा आपल्याच गोलखांबांखाली गोळा होऊन उभी राहतात. त्यातल्या किती जणांना पुढच्या आठवड्यात सरावाला यावंसं वाटत असेल? जिंकणाऱ्या बाजूच्या मुलांनाही त्यातून काही मिळत नाही. ज्याला कुणी अडवूच शकत नाही असा मुलगा पास द्यायला शिकत नाही, कारण त्याची त्याला गरजच पडत नाही.

कुणी म्हणेल, चषक तर या प्रकाराच्या रक्तातच आहे. आहेच. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावच्या क्लबाला पैशांची चणचण भासू लागली. क्लबचाच खेळाडू असलेल्या नेड हेग या खाटकाने स्पर्धा भरवायची कल्पना काढली. पण पंधरा-पंधरा जणांचे इतके सामने एका दुपारी बसेनात, म्हणून संघ सातवर आणले आणि सामन्यांचा वेळ कापला. सेव्हन्स तिथे जन्मलं, आणि २०१६ मध्ये रिओला ऑलिंपिकमध्ये पोहोचलं. त्या पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना मेलरोझ आणि शेजारचा गाला यांच्यात झाला, तो बरोबरीत सुटला, जादा वेळ द्यावा लागला. जादा वेळेत मेलरोझने ट्राय केला आणि वेळ शिल्लक असतानाच ‘आम्ही जिंकलो’ म्हणून त्यांनी मैदान सोडलं, गालावाले ओरडत राहिले, अशी कथा सांगतात. म्हणजे चषकासाठीची रेटारेटी पहिल्या दिवसापासूनची आहे, हे कबूल. पण हेगने काय केलं बघा. त्याला गर्दी आणि पैसा हवा होता, म्हणून त्याने खेळाडूंची संख्या बदलली, वेळ बदलला. काय साधायचं ते आधी ठरवलं आणि खेळ त्या मापाने बेतला. तुमचा हेतू प्रत्येक मुलाने खेळावं हा आहे, तर बेत मात्र अजून तिजोरी भरणाऱ्या स्पर्धेचाच का?

मुलांसाठी खेळ बदलणं म्हणजे त्याची शुद्धता घालवणं, असंही काही जण मानतात. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचे नियम स्वतः ते मानत नाहीत. १९ वर्षांखालच्यांसाठी त्यांत वेगळे फेरफार आहेत: अर्धा डाव चाळीस मिनिटांऐवजी पस्तीसचा आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचे खेळाडू खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तिथे, दीड मीटरपलीकडे ढकलायचं नाही. अठरा वर्षांच्या धडधाकट पोरांसाठी जर नियम वाकतो, तर अकरा वर्षांच्यांसाठी तुमचं वेळापत्रक वाकायला काय हरकत आहे? इंग्लंडमध्ये ७ आणि ८ वर्षांखालची मुलं कमरेला पट्ट्या लावून टॅग रग्बी खेळतात, म्हणजे पाडायचं नाही, पट्टी ओढायची. टॅकल, म्हणजे चेंडू घेतलेल्याला धरून खाली पाडणं, ९ वर्षांखालच्या गटापासून सुरू होतो, आणि वय वाढेल तशी संघातली मुलं वाढत जातात. तिथल्याच नियमावलीत अर्ध्या सामन्याचा नियम आहे: पथकात नाव असलेल्या प्रत्येक मुलाला उपलब्ध वेळेच्या निदान निम्मा वेळ खेळायला मिळालाच पाहिजे. हा नियम मला फार आवडतो, कारण तो कुणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही आणि कागदावर मोजता येतो.

मोजायला बसलं की आणखी एक गोष्ट उघडी पडते. नऊ जणांच्या खेळात अठराहून जास्त मुलं एका पथकात नोंदवली, तर प्रत्येकाला निम्मा वेळ देणं गणितानेच अशक्य आहे. तरीही तुमच्या अर्जात पथकाच्या रकान्यात वीस-बावीस नावांची जागा असते आणि क्लब ती भरतात, कारण दुसऱ्या संघाचं वेगळं शुल्क पडतं. मैदानावरच्या संख्येच्या दीडपटीवर नावं घेऊ नका. जास्त मुलं असतील तर दोन संघ करायला लावा आणि दुसऱ्या संघाचं शुल्क कमी करा. हा एक बदल केलात तरी अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं वेळापत्रकात आहे. सकाळच्या सत्रात प्रत्येक संघाला दोन-तीन छोटे सामने द्या, फक्त अंदाज घ्यायला. जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या मंडळींनी निकाल बघून संघांची नव्याने वाटणी करावी: तगडे तगड्यांशी, नवखे नवख्यांशी. दुपारी त्या त्या गटात सगळ्यांचे सगळ्यांशी सामने. बाद फेरी नाही. ट्रायचा फरक कुठेही मोजायचा नाही. एकाच पंचाने सगळ्या मैदानांसाठी भोंगा वाजवायचा, म्हणजे सगळे सामने एकदम सुरू, एकदम बंद. घड्याळावरून वाद नाहीत आणि पुढच्या सामन्याला संघ वेळेवर. असे महोत्सव मी पाहिले आहेत. तिथे दुपारचे सामने एका-दोन ट्रायच्या फरकाने सुटतात, आणि जो संघ सकाळी सपाटून हरला तो दुपारी एखादा जिंकतोही. आपल्याच संघाचा गुणफलक ठाऊक नसलेलं पोरगं तिथे सापडत नाही.

गुण मोजूच नका असं मी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. त्या मताची माणसं आहेत. मला ते पटत नाही. मुलं गुण मोजतातच. पंचाने नाही सांगितले तर तीच बोटांवर मोजतात आणि मग दोन्ही बाजूंची बोटं जुळत नाहीत. जिंकायची ईर्षा मुलांत असू द्या, ती चांगलीच. माझा आक्षेप एका सामन्याच्या निकालावर दुसऱ्या सामन्याचं दार टांगण्याला आहे. हरलेल्या मुलांना दुपारी घरी पाठवायचं आणि जिंकलेल्यांना आणखी तीन सामने द्यायचे, म्हणजे ज्यांना खेळायची जास्त गरज आहे त्यांनाच कमी खेळ. पंधरा-सोळा वर्षांच्या गटाला खुशाल चषक ठेवा, मी टाळ्या वाजवायला येईन.

‘चषक काढला तर क्लब येणार नाहीत,’ हे मला तुमच्यातल्याच एकांनी सांगितलं. क्लब कशासाठी येतात हे व्यवस्थापक म्हणून मी जाणते. प्रवासाच्या मानाने सामने किती मिळणार, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो. बरोबरीचे मिळणार का, हे त्यानंतर. न्यूझीलंडसारख्या रग्बीवेड्या देशात नॉर्थ हार्बर या प्रांतिक संघटनेने २०१९ मध्ये लहान वयाचे निवडक प्रातिनिधिक संघच बंद करून टाकले. तिथे आभाळ कोसळलं नाही.

आता डोक्याच्या दुखापतीबद्दल. यावर सविस्तर लिहिते, कारण महोत्सवाची रचना इथे नुसती अन्यायाची राहत नाही, धोक्याची होते.

२०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या एका सामन्यात चौदा वर्षांचा मुलगा दगावला. डोक्याला मार लागूनही तो खेळत राहिला होता, आणि पहिल्या माराने सुजलेल्या मेंदूला पुढचा मार सोसला नाही. त्यानंतर मुलांच्या बाबतीत जगभर एकच सूत्र सांगितलं जातं: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये सगळ्या हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत कन्कशननंतर (मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्यानंतर) २१ दिवसांच्या आत स्पर्धात्मक सामना नाही, असं स्पष्ट आहे. टीव्हीवर आपण बघतो, व्यावसायिक खेळाडूला बारा मिनिटं आत नेऊन तपासतात आणि तो परत येतो. ती सोय तज्ज्ञ डॉक्टर आणि कॅमेरे हाताशी असलेल्या मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही. आमच्या एका पालकाने ‘बारा मिनिटं झाली की, आता घ्या त्याला’ असं म्हटलं तेव्हा मला हे मैदानाच्या कडेला उभं राहून समजवावं लागलं.

एका सामन्यात हे सूत्र पाळणं सोपं आहे. पंच एक, मैदान एक, सगळे बघत असतात. महोत्सवात काय होतं? तिसऱ्या मैदानावर एका मुलीचं डोकं समोरच्याच्या गुडघ्याला लागतं. ती उठते, जरा डोळे मिचकावते, पंच तिला बाहेर पाठवतात. चार मिनिटांत भोंगा. वीस मिनिटांनी तिचा पुढचा सामना पहिल्या मैदानावर, पंच वेगळे. त्यांना काही ठाऊक नाही. प्रशिक्षकाला ठाऊक आहे, पण मुलगी म्हणते ‘मी बरी आहे’, आणि साखळीतला निर्णायक सामना समोर उभा आहे. कन्कशनमध्ये बेशुद्ध पडायलाच हवं असं काही नाही. बहुतेक वेळा मूल शुद्धीवरच असतं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ काही तासांनीही सुरू होऊ शकतो. म्हणजे जी एकमेव व्यक्ती, प्रशिक्षक, त्या मुलीला थांबवू शकते, तिच्याच हितसंबंधांवर तुम्ही सगळा भार टाकलेला आहे.

यावर उपाय स्वस्त आहे. मुख्य टेबलाजवळ एक फळा ठेवा. डोक्याच्या संशयावरून बाहेर गेलेल्या मुलाचा संघ आणि जर्सी क्रमांक पंचांनी सामना संपताच तिथे कळवायचा, आणि ती जर्सी टेबलावर जमा करायची. जर्सी नाही तर खेळ नाही. हट्ट नाही, विनवण्या नाहीत, ‘बघू या जरा’ नाही. घरी नेणाऱ्या पालकाला लक्षणांची छापील चिठ्ठी द्या आणि क्लबला लेखी कळवा, कारण पुढच्या आठवड्यात ते मूल शाळेच्या संघातून खेळायला उभं राहील आणि तिथे कुणालाच पत्ता नसेल. प्रथमोपचाराच्या माणसाला ‘याला खेळवू नका’ म्हणण्याचा अंतिम अधिकार आहे, हे निमंत्रणात छापा. आमच्याकडे तो अधिकार कागदावर असतो. मैदानाच्या कडेला त्याला कुणी विचारत नाही.

टॅकलच्या उंचीचंही असंच. इंग्लंडमध्ये जुलै २०२३ पासून हौशी खेळात छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापेक्षा वर टॅकल चालत नाही. फ्रान्सने त्याच्या आधीच, २०१९ मध्ये, हौशी खेळात ती कमरेपर्यंत खाली आणली. वेगवेगळ्या संघटनांचे संघ एकत्र आले की एक मूल कमरेला धरायला शिकलेलं असतं आणि दुसरं छातीला. पंच ज्याच्या त्याच्या सवयीने शिट्टी वाजवतात. तुमच्या महोत्सवात कुठली उंची, ते नोंदणीच्या कागदावरच लिहा म्हणजे आम्हाला सरावात ती पक्की करून घेता येईल. सकाळी प्रशिक्षकांच्या बैठकीत सांगून उपयोग नाही. अकरा वर्षांच्या मुलाचे खांदे बैठकीतल्या सूचनांवर चालत नाहीत.

शरीराच्या आकाराचा प्रश्न जरा अवघड आहे, आणि तो तुम्ही एकट्याने सोडवाल असं मला वाटत नाही. या वयात दोन मुलांच्या जन्मतारखेत एका आठवड्याचं अंतर असू शकतं आणि वजनात दुपटीचं. मुली सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने उंच होतात, मुलगे चौदाव्याच्या. पण सरासरी हा शब्द फसवा आहे, एखाद्याचं हे दोन वर्षं आधी होतं, एखाद्याचं दोन वर्षं नंतर. जो आधी वाढला तो बाराव्या वर्षी सगळ्यांना लोळवतो आणि निवडला जातो. जो उशिरा वाढणार असतो तो बॅगेवर बसतो आणि वाढायच्या आधीच खेळ सोडतो. ऑकलंडमध्ये मुलांचे गट वयाबरोबर वजनावरूनही पाडतात. तसं सगळीकडे जमेलच असं नाही, आणि मुलांना रांगेत उभं करून काट्यावर चढवणं मला स्वतःला फारसं रुचत नाही; जाड मुलाची त्यात जी थट्टा होते ती कुठल्याही टॅकलपेक्षा जास्त लागते. पण दुपारच्या वाटणीत हा मुद्दा आपोआप थोडा हलका होतो. शिवाय दोन्ही प्रशिक्षकांनी आपसांत ठरवून दांडगा मुलगा दांडग्यासमोर उभा करावा, एवढी मोकळीक नियमात ठेवा. ज्या सामन्यात काही पणाला नाही तिथे प्रशिक्षक असं आनंदाने करतात.

अति खेळणाऱ्या मुलांचं काय, हेही बघा. मी आतापर्यंत न खेळणाऱ्यांची बाजू मांडली, पण बाद फेरीत सगळ्यात जास्त पिळलं जातं ते भरवशाच्या सातांना. साखळीचे चार सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम. आणि अंतिम सामना दिवसाच्या टोकाला, पाय जड झालेले असताना. दमलेलं मूल टॅकलला वाकत नाही, उभ्यानेच भिडतं, आणि डोकं चुकीच्या बाजूला जातं. इंग्लंडच्या नियमावलीत वयोगटाप्रमाणे दिवसभराच्या एकूण खेळाला मर्यादा घातलेली आहे. तुमच्या वेळापत्रकात अंतिम फेरी गाठणाऱ्या संघाची मिनिटं कुणी कधी बेरीज करून पाहिली आहेत का? एकदा करून पाहा. मिनिटं सगळ्यांत वाटली तर या सातांचीही सुटका होते.

पंचांबद्दल थोडक्यात. तुमचे निम्मे पंच पंधरा-सोळा वर्षांचे, नुकतेच शिकलेले असतात, आणि ते उत्तम काम करतात. त्यांच्यावर ओरडणाऱ्या मोठ्या माणसाला मैदानाबाहेर काढायला तिथे एक प्रौढ माणूस नेमा. एवढं पुरे.

आमची मागणी मोठी नाही. नोंदणी सुरू करण्याआधी महोत्सवाची रचना जाहीर करा: पथकात किती नावं, प्रत्येक मुलाला किमान किती मिनिटं, बाद फेरी आहे की नाही, टॅकल कुठपर्यंत, डोक्याला लागलं तर काय. आम्ही त्यावरून ठरवू, कुठे जायचं. बाकीच्या क्लबांच्या व्यवस्थापकांशी माझं बोलणं झालं आहे, आणि मिनिटांचा तक्ता ठेवणारी मी एकटी नाही. १२ वर्षांखालच्या गटात अर्ध्या सामन्याचा नियम नसेल तिथे या मोसमात आम्ही संघ पाठवणार नाही, हे आमच्या क्लबच्या समितीने ठरवलं आहे. जिथे असेल तिथे दोन संघ घेऊन येऊ.

मिनिटं तपासायला माणसं नाहीत, ही अडचण तुम्ही सांगाल, म्हणून तीही आधीच मिटवते. प्रत्येक संघाने आपल्या तक्त्याची प्रत सामना संपल्यावर टेबलावर द्यावी, आणि तपासायला प्रत्येक क्लबने एक माणूस द्यावा, स्वतःच्या संघाचा तक्ता सोडून. आमच्या क्लबकडून दोन जण सकाळी सातपासून टेबलावर बसतील. फळा, खडू आणि जर्सी ठेवायला खोकं आम्हीच आणू. वेळापत्रकाचा कच्चा आराखडा सोबत जोडला आहे. सहा मैदानं आणि चोवीस संघ धरून केला आहे, तुमच्या आकड्यांप्रमाणे बदलून घ्यावा. काही अडलं तर कळवा, बसून दुरुस्त करू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
१२ वर्षांखालच्या एका संघाची व्यवस्थापक